हिंदी महासागरातल्या खुर्च्या

शाळा सुरू व्हायच्या आधी, मुलं यायच्या अगोदर, आम्हा शिक्षकांना दोन-तीन दिवस बोलावतात. वर्ग धुऊन काढलेले असतात, बाकांना फिनेलचा वास येत असतो आणि स्टाफरूमच्या फळ्यावर नव्या वर्षाचं वेळापत्रक लागलेलं असतं. त्या कागदाकडे मी कित्येक वर्षं धड बघितलंही नव्हतं. बघायचं काय? मी पी.टी.ची मॅडम. माझे तास कुठे टाकलेत यापेक्षा ते कोण पळवणार, हाच खरा प्रश्न असायचा. दहावीचे तर दिवाळीनंतर सगळेच जायचे, आणि कुणी मला विचारायचंसुद्धा नाही.

त्या दिवशी मी चहाचा कप घेऊन आत शिरले आणि स्टाफरूम एकदम गप्प झाली. मग गणिताचे सर उठून उभे राहिले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "या, या, भूगोलाच्या मॅडम!" एकच हशा पिकला. मी फळ्यापाशी गेले. दहावी ब, इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल. प्रत्येक चौकटीत माझं नाव.

कारण साधं होतं. आमचे इतिहास-भूगोलाचे सर मे महिन्यात निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरायला परवानगी आली नव्हती. बाकी सगळ्यांचे तास भरलेले. रिकामी दिसले ती मी.

मी तणतणत मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले. आम्ही सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतो. म्हटलं, "मोठ्या बाई, मी बी.पी.एड. झालेली आहे. मला खो-खोचं मैदान आखायला सांगा, लढाया कशाला शिकवायला लावता?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अहो, धडा वाचून दाखवायचा, प्रश्नोत्तरं सांगायची. इतिहास-भूगोल काय, कुणीही शिकवतं."

ते 'कुणीही' मला फार झोंबलं. माझ्यासाठी झोंबलं की त्या विषयासाठी, हे तेव्हा कळलं नाही. पण चहा तसाच ठेवून मी ग्रंथालयात गेले आणि दहावीची तिन्ही पुस्तकं काखोटीला मारून घरी आले.

इथे माझं शिक्षण सांगायला हवं. मी सुरगाण्याकडची. आमच्या पाड्यावरून शाळेत जायचं म्हणजे एक डोंगर चढायचा आणि एक उतरायचा, त्यामुळे पळणं मला कुणी शिकवलं नाही. सहावीत असताना एका सरांनी मला शर्यतीत उभं केलं, मी पहिली आले, आणि त्या दिवसापासून माझं वर्गात बसणं संपलं. गणिताचे सर सोडायचे नाहीत, इंग्रजीच्या बाई सोडायच्या नाहीत, म्हणून माझा सराव कायम इतिहास-भूगोलाच्या तासाला व्हायचा. सगळ्या वर्गाला काळी मृदा कुठे सापडते ते कळत होतं तेव्हा मी त्याच मृदेवर फेऱ्या मारत होते. पुढे त्या पळण्यानं मला खूप फिरवलं. रात्रीच्या गाडीत बसायचं, सकाळी कुठल्या तरी स्टेशनात उतरायचं, मैदान, पदक किंवा रडणं, आणि परत गाडी. देशाच्या चारी टोकांना मी धावले आहे. पण त्यातलं कुठलं गाव नकाशात कुठे, हे मला विचारलं असतं तर मी बूट बांधायला खाली वाकले असते.

त्या आठवड्यात मी रोज जेवण झाल्यावर नकाशाचं पुस्तक उघडून बसायचे. एकेक गाव बोटानं शोधायचे. अरे, हे इथे आहे होय! इथे तर मी स्पाइक्स विसरले होते. इथे आमच्या खिचडीत मीठच नव्हतं. इथून समुद्र एवढा जवळ होता आणि कुणी दाखवलासुद्धा नाही! मला हसू यायचं आणि मधेच फार वाईटही वाटायचं. इतिहासाच्या पुस्तकात एकही लढाई निघाली नाही, हे आणखी एक आश्चर्य.

रविवारी आईचा फोन आला. ती अजून गावीच असते. तिला बातमी सांगितली तर ती म्हणाली, "मंग आता तू खरी मास्तरीण झाली म्हण की."

"आणि इतकी वर्षं काय होते गं?"

"तसं नाय. लोकं इचारतात, तुझी पोर शाळेत काय शिकवते? मी सांगते, पळाया शिकवते. तर हासतात. म्हणतात, पळाया काय शिकवाया लागतं?"

मी फोन ठेवला आणि बराच वेळ ब्राझीलकडे बघत बसले. आमच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी शिकवतात. का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

शाळेचा पहिला दिवस. दुपारी निवृत्त सर स्कूटरवरून फाटकापाशी आले. आमचं दोघांचं भांडण जुनं, सगळ्या शाळेला ठाऊक. स्पर्धा आली की मी पण माझ्या सरांसारखीच, गणित-विज्ञानाला हात न लावता यांच्या तासाला मुलं काढायचे. ते नकाशाची काठी हातात घेऊन दारात उभे राहायचे आणि ओरडायचे, "मॅडम, माझा तास म्हणजे काय मोकळं मैदान आहे, कुणीही यावं आणि पोरं पळवून न्यावीत?" ओरडायचे आणि सोडायचे. त्या दिवशी त्यांनी स्कूटरला बांधलेली तीच काठी सोडली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता बघा पोरं सांभाळून." चहालाही थांबले नाहीत.

काठी घेऊन मी दहावी ब मध्ये शिरले. मला बघताच अख्खा वर्ग आनंदानं उठला आणि दारापाशी रांग लावून उभा राहिला. दोघा-तिघांनी तर दप्तरातून बॅटसुद्धा काढली.

"कुठे निघालात?"

"ग्राउंडवर ना मॅडम?"

"बसा खाली. भूगोल आहे."

इतका दुःखी वर्ग मी आयुष्यात पाहिला नाही. ते बसले, मी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. पान उलटायच्या आत पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी म्हणाली, "मॅडम, हा धडा आमचा क्लासमध्ये झालाय." मागून आवाज आले, आमचा पण, आमचा पण. मे महिन्याच्या सुट्टीत नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या क्लासेसमध्ये निम्मं पुस्तक उरकलं होतं. मी प्रश्न विचारले. धडाधड उत्तरं आली, पुस्तकातल्या शब्दांत, स्वल्पविरामासकट. ही चष्मेवाली सगळ्यात पुढे. मी तिला नववीपासून ओळखत होते, कारण पी.टी.च्या तासाला तिचं हटकून पोट दुखायचं.

मला राग आला. कुणाचा ते माहीत नाही, पण आला. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "उत्तर दिशा कुठे आहे? दाखवा."

सगळ्या वर्गानं एका वेळी हात वर केला आणि बोटं छताकडे दाखवली.

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. नाही. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वर असते, म्हणून उत्तर वर. "म्हणजे तुमचं काश्मीर पंख्याला लटकलंय का रे?" मी म्हटलं. ते हसले, पण बोटं कुठे न्यायची हे त्यांना सुचेना. दिंडोरी कुठल्या बाजूला, धरण कुठल्या बाजूला, मुंबई कुठल्या बाजूला, सगळा अंधार. ब्राझीलची लोकसंख्या तेवढी पाठ.

दिशा ही एकच गोष्ट मला या विषयात आधीपासून येत होती. कबड्डी असो, खो-खो असो, मैदान उत्तर-दक्षिण आखायचं, म्हणजे संध्याकाळचं ऊन कुणाच्या डोळ्यांत जात नाही. हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. त्या दिवशी घरी जाताना गाडीवर माझ्या डोक्यात एक विचार आला आणि तो काही केल्या जाईना. नकाशा भिंतीवरून खाली काढला तर? जमिनीवर आडवा झोपवला तर?

तो विचार मी कुणाला सांगायच्या आत शनिवार उजाडला. वर्षाच्या सुरुवातीला दहावीच्या पालकांची सभा असते. मोठ्या बाईंनी शिक्षकांची ओळख करून द्यायला सुरुवात केली. माझं नाव आलं आणि हॉलमध्ये कुजबुज झाली. मग एक गृहस्थ उभे राहिले. चष्मेवालीचे वडील, इंजिनिअर. बोलणं अगदी सभ्य.

"मॅडमबद्दल आम्हाला आदर आहे. स्पोर्ट्समध्ये त्यांचं योगदान आहे. पण हे दहावीचं वर्ष आहे. ग्राउंडच्या मॅडम सोशल सायन्स कसं घेणार?"

टाळ्या पडल्या. गणिताचे सर लगेच म्हणाले, "माझं ऐका. ते तास मला द्या. जादा गणित होईल. इतिहास-भूगोल काय, मुलं गाईडवरून घरी करतील." याला जास्त टाळ्या पडल्या. आणि मोठ्या बाई मान हलवायला लागल्या. मी त्यांच्या शेजारीच बसले होते, मला ती मान स्पष्ट दिसत होती.

खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. नको होतं ते ओझं आपसूक जात होतं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला ते तास हवे होते. आठवडाभर नकाशावर बोट फिरवून मला त्याची गोडी लागली होती. मला लहानपणी मिळाले नाहीत ते तास, आणि आता या मुलांचेही जाणार होते, आणि टाळ्यांच्या गजरात!

मी उभी राहिले. आवाजाचं म्हणाल तर मला माइक लागत नाही. "पुढच्या शनिवारी सकाळी सगळ्यांनी मैदानावर या. मुलांना देशाचा नकाशा आला नाही, तर माझे सगळे तास गणिताला देऊन टाका. मी स्वतः सांगते."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, ही बाई आज मला घरी सोडत नाही. पण शब्द गेला होता.

सोमवारी दहावी ब मला बघून पुन्हा रांगेत उभी राहिली, सवयीनं. मी म्हटलं, "चला. पुस्तक घ्या. नकाशाचं पान काढा." आणि आम्ही खरंच मैदानावर गेलो.

आमच्याकडे फक्कीची गोणी असते, मैदान आखायची पांढरी पावडर. मोजपट्टीची मोठी टेप असते, सुतळीची बंडलं असतात. पुस्तकातल्या नकाशावर पेन्सिलीनं चौकोन आखले, तितकेच, पण मोठाले चौकोन मैदानावर सुतळीनं आखले, आणि एकेका चौकोनात दोन-दोन मुलं सोडली. तुमच्या चौकोनात देशाची जेवढी कड येते तेवढी खडूनं काढा, मग मी फक्की मारते. पहिल्या दिवशी गुजरात फुगला आणि बंगाल सापडेना. दुसऱ्या दिवशी ईशान्येकडची राज्यं काढता काढता मुलांची भांडणं झाली, कारण एका चौकोनात चार राज्यं येत होती आणि दुसऱ्यात नुसता समुद्र. समुद्रवाले आरामात बसून शेंगदाणे खात होते. मी शिट्टी मारली की सगळे ताठ. पावसानं त्या आठवड्यात दया केली, ढग यायचे आणि पुढे निघून जायचे.

गुरुवारी देश पुरा झाला. मग नद्या. मला नद्या शिकवायची एकच रीत सुचली, ती म्हणजे पळवायच्या. उगमापाशी उभं राहायचं, शिट्टी झाली की समुद्राला मिळेपर्यंत धावायचं, वाटेत येणाऱ्या राज्यांची नावं ओरडत. नर्मदा आणि तापी पश्चिमेला धावतात, आम्ही घेतलेल्या बाकीच्या पूर्वेला, त्यामुळे पहिल्याच धावेत मध्य प्रदेशात टक्कर झाली आणि नर्मदेचा गुडघा फुटला. तो मुलगा पुढे जन्मात नर्मदेची दिशा विसरणार नाही. गोदावरी कुणाला द्यायची यावर वाद झाला, आपल्या घरची नदी म्हणून सगळ्यांना तीच हवी होती. मी चष्मेवालीला दिली.

"मॅडम, माझं पोट..."

"गोदावरीचं पोट दुखत नाही. उभी राहा त्र्यंबकला."

ती धावली. हात कसेही, पाय कसेही, चष्मा सावरत. पण महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र असं ओरडत ती थेट समुद्रात गेली आणि तिथे कमरेवर हात ठेवून धापा टाकत राहिली. तिचा चेहरा मी नीट पाहिला. या मुलीला आजवर कुणी धावायला सांगितलंच नव्हतं, पोट दुखतं म्हटलं की सगळे सोडून द्यायचे, मीही.

शुक्रवारी शेवटच्या तासाला आम्ही रंगीत तालीम घेतली. सगळं झकास झालं. मी मैदानाच्या वरच्या टोकाला, ध्वजाच्या चबुतऱ्यावर उभी राहून समाधानानं देश बघत होते. पालकांच्या खुर्च्या इथेच चबुतऱ्याभोवती मांडायच्या ठरल्या होत्या. तेवढ्यात बंगालच्या उपसागरातून चष्मेवालीचा आवाज आला.

"मॅडम! सूर्य अरुणाचलवर मावळतोय!"

"काय?"

"अरुणाचलमध्ये सूर्य सगळ्यात आधी उगवतो ना? मग आपल्याकडे तिथे मावळतोय कसा?"

मी पाहिलं. सूर्य खरंच अरुणाचलच्या बाजूला उतरला होता. गुजरात पूर्वेला गेला होता. कन्याकुमारीचं टोक दिंडोरीकडे होतं आणि काश्मीर थेट पुण्याच्या दिशेला. माझं धाबं दणाणलं. मैदान मी कायम चबुतऱ्यावर उभं राहून आखते. क्रीडादिनाला पाहुणे तिथे बसतात, त्यांना सरळ दिसेल असं सगळं काढायचं ही माझ्या हाताची सवय. चबुतरा मैदानाच्या उत्तर टोकाला. उत्तर-दक्षिण दोरी मी अचूक धरली होती, फक्त टोकं उलटी केली होती. दिशा शिकवायला निघालेल्या बाईनं अख्खा देश उलटा झोपवला होता!

आधी मी त्या मुलीवर खेकसले. का खेकसले ते विचारू नका, तोंडातून निघून गेलं. मग माझं मलाच हसू फुटलं. मी चबुतऱ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि वर्गही हसायला लागला, आधी भीत भीत, मग मोकळा.

"पुसा," मी म्हटलं. "सगळा देश पुसा. घरी फोन करून सांगा, उशीर होणार आहे."

मुलांनी गोणपाटं ओढून भारत पुसला. परत चौकोन, परत खडू. पण यावेळी कुणाला काही सांगावं लागलं नाही. कुठला चौकोन कुणाचा, कुठे आखात, कुठे टोक, सगळं त्यांच्या हातात बसलं होतं. आठवडाभर लागलेलं काम दिवेलागणीच्या आत झालं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की आपण जिंकलो आहोत. पण मी दुसऱ्याच काळजीत होते. ही मुलगी आता घरी जाऊन वडिलांना सांगणार.

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. मी शिपाईमामांना सांगितलं, खुर्च्या चबुतऱ्यापाशी नकोत, दक्षिणेच्या कुंपणाजवळ मांडा. पालक आले आणि गोंधळले. मी म्हटलं, "बसा, बसा. तुम्ही हिंदी महासागरात आहात." काही आया हसल्या. मोठ्या बाई गंभीर चेहऱ्यानं श्रीलंकेच्या जरा खाली बसल्या. गणिताचे सर लाटांपासून लांब, आंब्याच्या झाडाखाली उभे राहिले.

मी शिट्टी तोंडाला लावली तेवढ्यात इंजिनिअर उठले.

"एक मिनिट, मॅडम. काल माझ्या मुलीनं घरी सांगितलं, तुम्ही आठवडाभर नकाशा उलटा काढला होता. दिशाच चुकल्या होत्या. हे खरं आहे का?"

महासागरात कुजबुज सुरू झाली. मोठ्या बाईंनी मान खाली घातली. पण खोटं बोलायचं कसं? बोलले असते तरी सगळा वर्ग साक्षीला होता.

"खरं आहे," मी म्हटलं. "अगदी उलटा होता. तुमच्या मुलीनंच पकडला."

ते काहीतरी बोलणार होते. पण त्र्यंबकपाशी उभी असलेली चष्मेवाली तिथूनच ओरडली. मागच्या वर्षी हजेरीला जिचं 'हजर' ऐकू यायचं नाही तीच ही मुलगी.

"बाबा, मॅडमची चूक मला कळली, म्हणजे मला नकाशा कळला ना?"

वडील तिच्याकडे बघत राहिले. ऊन नुकतं वर आलं होतं, पूर्वेकडच्या इमारतीमागून, आणि ते बरोबर अरुणाचलवरून येऊन अख्ख्या देशावर तिरपं पसरलं होतं. फक्की नुसती चमकत होती. मी शिट्टी मारली.

काय धावली माझी मुलं! गंगा यमुनेला प्रयागला गाठून तिच्यासकट निघाली. ब्रह्मपुत्रेनं वळसा इतका झोकात घेतला की आया टाळ्या वाजवायला लागल्या. नर्मदा गुडघ्याला पट्टी बांधून पश्चिमेला सुसाट गेली, आणि पूर्वेला निघालेल्यांनी तिला अदबीनं वाट दिली. गोदावरी सगळ्यात शेवटी समुद्राला मिळाली, पण मिळाली, आणि पालकांनी सगळ्यात जास्त टाळ्या तिला दिल्या.

"छान आहे," इंजिनिअर म्हणाले. आता आवाज जरा खाली आला होता. "पण पेपर लिहायचा असतो मॅडम, पळायचा नाही."

मी याचीच वाट बघत होते. मी मुलांना खाली बसवलं, जो जिथे होता तिथेच, कुणी राजस्थानात, कुणी ओडिशात, आणि बोर्डाच्या पेपरात असतो तसा कोरा नकाशा प्रत्येकाच्या हातात दिला. इंजिनिअरांना म्हटलं, "प्रश्न तुम्हीच सांगा." त्यांनी सांगितले. अवघड सांगितले. मुलं भरायला लागली. गंमत अशी की कुणी कागदाकडे फारसं बघतच नव्हतं. मान वळवायची, मैदानावर आपण कुठून कुठे गेलो ते बघायचं, आणि खूण करायची. सुतळी धरून ज्यांनी कच्छचं आखात दोनदा आखलं होतं त्यांना कच्छचं आखात काय शोधायला लागणार होतं!

तपासायला मी इंजिनिअरांनाच सांगितलं. ते नकाशे घेऊन मन लावून बसले, आणखी दोन पालक त्यांच्या मदतीला गेले. मी तोवर कन्याकुमारीपाशी वाकून बुटांच्या नाड्या परत परत बांधत होते. शर्यत सुरू व्हायच्या आधी बांधायचे, तशाच. सगळ्यांचे सगळे बरोबर नव्हते. एकानं चिल्का सरोवर केरळात टाकलं होतं, त्याला मी नंतर तिथपर्यंत चालवत नेलं. पण बहुतेकांचं बहुतेक सगळं बरोबर होतं.

इंजिनिअरांनी नकाशांचा गठ्ठा मोठ्या बाईंच्या हातात दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ब्राझील कधी काढताय? मी पण येतो. टेप धरायला माणूस लागेल."

मोठ्या बाई खुर्चीवरून उठल्या. साडी फक्कीला लागू नये म्हणून त्यांनी काठ वर धरला होता, तरी काठ पांढरा झालाच होता. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "वेळापत्रक आहे तसंच राहील." मुलांनी जो गलका केला तो आवरायला मला तीन शिट्ट्या लागल्या, आणि खरं सांगायचं तर मी त्या मनापासून मारल्या नाहीत.

सगळे गेल्यावर मी एकटी मैदानावर राहिले. नाशिक जिल्हा त्या नकाशात माझ्या दोन ढांगांत मावत होता आणि सुरगाणा बुटाच्या टोकाखाली सहज झाकलं जात होतं. मी तिथे उभी राहिले आणि मग एकेका गावाला चालत गेले, जिथे जिथे कधी धावले होते तिथे. कुणी बघत नव्हतं. शेवटच्या गावाला पोचले तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी ओरडले. नुसतीच, शब्द नाही काही.

दुसऱ्या दिवशी आईला फोनवर सगळं सांगितलं. तिला नकाशा, फक्की, महासागर किती कळलं कोण जाणे. पण हल्ली पाड्यावर कुणी विचारलं तर ती म्हणते, माझी पोर देश शिकवते. कुणी हसत नाही.

जुलैत तालुक्याच्या खो-खो स्पर्धेचं पत्रक आलं. आमच्या संघातल्या निम्म्या मुली दहावी ब मधल्या. स्टाफरूममध्ये सरावाची वेळ ठरवायला बसलो आणि गणिताचे सर नेहमीसारखे पटकन म्हणाले, "त्यात काय, इतिहास-भूगोलाच्या तासाला न्या की मुली. दरवर्षी तेच तर करता."

माझ्या हातात निवृत्त सरांची काठी होती. पुढचा तास माझाच होता, मी वर्गावर निघाले होते. ती काठी मी टेबलावर अशी आपटली की कपबशा वाजल्या.

"सर, माझा तास म्हणजे काय मोकळं मैदान आहे, कुणीही यावं आणि पोरं पळवून न्यावीत?"

मग मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे, सर." आणि त्या वर्षीचा खो-खोचा सगळा सराव बीजगणिताच्या तासाला झाला.